कारांद्याला कंदिका म्हणताना

दिवाळीनंतर गावाहून निघताना काकी जी पिशवी देते तिच्यात कायम तीन गोष्टी असतात, आमसुलं, पोहे आणि कारांदे. आमसुलं डब्यात जातात, पोहे आठवड्याभरात संपतात आणि कारांद्यांचं पहिलं एक उकडणं उत्साहाने होतं, मग उरलेले किचनच्या खिडकीखालच्या टोपलीत कांद्याबटाट्याच्या तळाशी जाऊन बसतात आणि मी त्यांना विसरतो. यंदाही तेच झालं. एप्रिलमध्ये माझी भाची आली होती चार दिवस, बारावीची परीक्षा झालेली, नीटचा अभ्यास डोक्यावर, आणि सकाळी चहा घेताना पुस्तकातनं मान वर न काढता तिने विचारलं, मामा, बल्बिलला मराठीत काय म्हणतात?

मी बॉटनीचा ग्रॅज्युएट. आता पोटासाठी भलतंच काहीतरी करतो तो भाग वेगळा, पण असा प्रश्न आला की अंगात येतं. म्हटलं, कंदिका. बल्बिल म्हणजे झाडाच्या अंगावर धरणारं असं बारकं पिल्लू, जे खाली पडलं की बी नसतानाही त्यातून नवं झाड उभं राहतं.

ती हसायलाच लागली. "कंदिका? हे मुलीचं नाव वाटतंय रे. कंदिका देशपांडे, सहावी ब."

आणि खरं सांगू का, तिचं बरोबर होतं. आयुष्यात मी हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. कोशात वाचलाय, जुन्या क्रमिक पुस्तकांत वाचलाय, बस. मग तिला दाखवायला काहीतरी हवं म्हणून टोपली उपसली तर तळाशी सहा कारांदे, त्यातल्या दोघांना जांभळट कोंब फुटलेले, ना माती ना पाणी, कांद्याच्या सालपटांमध्ये पडल्या पडल्या. म्हटलं ही घे कंदिका. हातात धर.

कारांदा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बटाट्याच्या वर्णाचा, खडबडीत, अंगावर पुळ्या आल्यासारखा दिसणारा, लिंबापासून मुठीएवढ्या आकाराचा ऐवज. कोकणात पावसाळ्यात ह्याचा वेल कुठेही चढतो, पानं बदामाच्या आकाराची, पत्त्यातला बदाम हो, खायचा नव्हे. आमच्या मागच्या दारी फणसावर चढायचा. पाऊस सरता सरता प्रत्येक पानाच्या बेचक्यात, म्हणजे देठ जिथे वेलाला चिकटतो तिथे, हे गोळे धरायला लागतात, हवेत, जमिनीचा काही संबंध नाही. कार्तिकात पानं पिवळी पडतात, वेल वाळतो आणि कारांदे टपाटप खाली. आजीचा नियम होता, पडलेला उचलायचा, वेलावरचा ओढून काढायचा नाही. आम्ही अर्थातच ओढून काढायचो. मग तो मातकट आणि तुरट लागायचा आणि आजी काही न बोलता नुसती बघायची.

उकडताना मीठ घालायचं, आणि रानातला कडू असेल तर चुलीतली राख. कातकरी, ठाकर मंडळी तर कडू कारांद्याचे काप करून वाहत्या पाण्यात ठेवतात आणि मग खातात. ती नुसती चवीची भानगड नाही, रानटी जातीत खरोखरच विषारी द्रव्यं असतात, यकृताला त्रास देणारी, त्यामुळे कोणी ट्रेकला जाऊन दिसला कारांदा की भाजून खाऊ नका, गावातल्या माणसाला विचारा आधी.

तर ह्या वेलाचं शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा. लिनीयसने 1753 मध्ये दिलेलं. बल्बिफेरा म्हणजे बल्ब धारण करणारी. त्याच वर्षी त्याच ग्रंथात त्याने एका लिलीलाही बल्बिफेरम म्हटलंय, तिच्याही पानांच्या बेचक्यात असेच बारके गोळे येतात. लॅटिनमध्ये बल्बस म्हणजे कंद आणि त्याचं लाडकं छोटं रूप बल्बिलस, त्यावरून बल्बिल. मराठीत परिभाषा घडवणाऱ्यांनी नेमकी हीच युक्ती संस्कृतातून केली, नाटकाची नाटिका, पुस्तकाची पुस्तिका, तशी कंदाची कंदिका. शब्द म्हणून बघितलं तर अगदी नेटका बसलाय. उच्चारायला सोपा, अर्थ लगेच कळतो. आणि तिथेच गोची आहे, कारण जो अर्थ लगेच कळतो तो चुकीचा आहे.

कंदिका म्हणजे लहान कंद, असंच कोणालाही वाटणार. भाचीने पण वहीत तेच लिहिलं होतं. मी म्हटलं थांब. लहान कंद बघायचा असेल तर लासलगावच्या बाजारात जा. तिथे कांद्याची प्रतवारी होते त्यात बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात, त्याहून बारीक ती चिंगळी. गोल्टी हा खराखुरा लहान कंद आहे, आकाराने कमी पडला म्हणून लहान. पण त्याला कोणी बल्बिल म्हणणार नाही. बल्बिल लहान असते म्हणून बल्बिल नसते. ती एक कळी असते. पानाच्या बेचक्यात एरवी जी कळी असते, जिच्यातून फांदी फुटली असती, तिने फांदी व्हायचं सोडून पोटात शिधा भरून घेतला आणि आईला सोडून निघायची तयारी केली, ती बल्बिल. कारांदा मधोमध कापून बघा, आत कांद्यासारखे पापुद्रे नाहीत, बटाट्यासारखा भरीव गर आहे. म्हणजे ज्याला आपण बल्बिल म्हणतो त्याच्यात बल्बचं काहीच नाहीये. मुठीएवढा फुगलेला डोळा आहे तो फक्त.

बल्ब ह्या शब्दाचंच आपल्याकडे जरा अवघड आहे. बॉटनीवाले म्हणतात बल्ब म्हणजे कांदा, खाली चकतीएवढं खोड आणि त्यावर एकात एक बसलेली मांसल पानं. म्हणजे कांदा चिरताना आपण पानं चिरत असतो. सुरण वेगळा, ते भरीव खोड, बटाटा वेगळा, रताळं तर सरळ मूळच. कोशात ह्या सगळ्यांना वेगवेगळी नावं आहेत, दृढकंद, ग्रंथिक्षोड, हळदीसारख्याला मूलक्षोड, वाचतानाच दात हलतात. बोलण्यात मात्र सगळ्यांना मिळून एकच शब्द, कंद. कंदमुळं. आणि गंमत बघा, उपासाला कंद चालतात म्हणून आपण रताळी, बटाटे, सुरण, कोनफळ, कारांदे सगळं हाणतो, पण त्या यादीत बॉटनीच्या हिशोबाने एकही बल्ब नाही. खरे बल्ब दोनच आपल्या स्वयंपाकघरात, कांदा आणि लसूण, आणि नेमके तेच उपासाला वर्ज्य, चातुर्मासात तर बरीच घरं कांदेनवमीला त्यांना निरोपच देतात. आपल्या पूर्वजांनी मॉर्फॉलॉजी वाचून हे केलं असं कोणी व्हॉट्सॅपवर फिरवायच्या आधी सांगतो, योगायोग आहे. आणि कांदा हा शब्दसुद्धा कंदावरूनच आलेला, म्हणजे मूळ नाव ज्याच्या नावावर आहे त्यालाच कंदांच्या पंगतीतून उठवलंय.

इंग्रजीत आणखी बारीक चिरफाड आहे. जमिनीच्या वर, हवेत धरते ती बल्बिल. जमिनीखाली मोठ्या कंदाच्या बुडाशी धरतो तो बल्बलेट. ग्लॅडिओलसच्या भरीव कंदाभोवती मोहरीपासून वाटाण्याएवढे दाणे असतात ते कॉर्मेल, ते लावले तर फूल बघायला दोन-तीन हंगाम थांबावं लागतं. मराठी कोशांत हे सगळे बऱ्याचदा कंदिका ह्या एकाच छत्रीखाली उभे असतात. मला पूर्वी ह्याचा राग यायचा, आपली परिभाषा कशी ढोबळ वगैरे. आता नाही येत. कारण मधे एकदा मी शेतकऱ्यांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करत होतो, निशिगंधाच्या लागवडीचं, आणि तिथे इमानदारीत "मुख्य कंदाभोवतीच्या कंदिका अलग कराव्यात" असं लिहून ठेवलं. ज्यांच्यासाठी होतं त्या भागातल्या एका शेतकऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, साहेब, पिल्लं म्हणायचंय का तुम्हाला?

मग मी ह्या पिल्लांच्या मागेच लागलो.

लसणाच्या गड्ड्यातली एक असते तिला कोणी पाकळी म्हणतं कोणी कुडी, ती खरं तर आईच्या पोटात राहून मोठी झालेली कळीच. आपल्याकडच्या लसणाला बी धरत नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या कुडीच टोचायची. अळवाच्या मोठ्या गड्ड्याच्या अंगाला ज्या बारक्या गाठी धरतात त्या अळकुड्या. केळीच्या बुडातून निघतो तो मुनवा. आणि हळदीत तर अख्खं एकत्र कुटुंब आहे, जेठा गड्डा म्हणजे मधला थोरला, त्याच्या कुशीला येतो तो बगल गड्डा, आणि त्यांना फुटलेली बोटं म्हणजे हळकुंडं. बेण्याला कोणता घ्यायचा, किती वजनाचा घ्यायचा ह्याचे हिशोब सांगलीकडचा शेतकरी झोपेत सांगेल, आणि त्याला राइझोम (तेच ते मूलक्षोड) ह्या शब्दाची गरज आयुष्यात पडलेली नाही. ह्यातलं काटेकोरपणे बघितलं तर बल्बिल एकही नाही, मुनवा तर नाहीच नाही, पण काम सगळ्यांचं तेच, बी न होता आईसारखंच नवं झाड उभं करायचं. आणि लक्षात घ्या, ह्यातल्या एकाही शब्दात "लहान" नाहीये. कुडी, मुनवा, जेठा, बगल, पिल्लू. ह्यात आकार नाही, नातं आहे. कोणाच्या पोटचा, कुठल्या बाजूने निघाला, कितवा. मी कॉलेजात तीन वर्षं घालवून जी गोष्ट शिकलो, की बल्बिल ही लहान कंद नसून आईपासून सुटणारी कळी आहे, ती पिल्लू ह्या शब्दात आधीच होती.

पण म्हणून कंदिका शब्द फेकून द्यावा का? तर नाही, आणि ह्याचं कारण आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून असलेलं घायपात.

घायपात तुम्ही बघितलेलं आहे, नाव माहीत नसेल तरी. रेल्वेच्या कडेला, माळावर, बांधावर, तलवारीसारखी जाड पानं, टोकाला काटा. मूळचं मेक्सिकोचं. मराठवाड्याकडे केकताड म्हणतात. पानं कुजवून, ठेचून वाख, म्हणजे आतला चिवट धागा, काढायचा आणि वाखाचे दोर वळायचे, मातंग समाजातल्या कितीतरी घरांचं पोट ह्या कामावर चालायचं, नायलॉन यायच्या आधी. हे झाड वर्षानुवर्षं नुसतं बसून असतं. मग एक दिवस मधून शतावरीच्या कोंबासारखा पण बांबूएवढा जाड दांडा निघतो आणि बघता बघता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी येतो. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा सोसायटीच्या ग्रूपवर दोन दिवस चर्चा झाली की हा मोबाइलचा टॉवर कोणी लावला. फुलं आली, गेली, आणि फुलं गळाली तिथेच देठांच्या बगलेत हिरवे ठिपके दिसायला लागले. ते ठिपके वाढले, त्यांना पानं आली, शेकड्यांनी, अख्खा दांडा बारक्या बारक्या घायपातांनी लगडला. ह्या पण बल्बिलच. इथे तर कंदाचा पत्ताच नाही, सरळ पाच-सहा पानांची तयार रोपं, फक्त अजून आईला धरून बसलेली. जे घायपात वाखासाठी लावतात त्याला बी क्वचितच धरतं, त्यामुळे त्याचा सगळा संसार ह्या पिल्लांवर आणि बुडातल्या फुटव्यांवर. आणि दांडा उभारला की आई संपली, ती परत फुलत नाही, वाळते आणि मरते.

आमचे वॉचमन जालन्याकडचे. दांडा वाकून कुंपणावर पडला तेव्हा त्यांनी खाली सांडलेली रोपं बादलीत गोळा केली. विचारलं काय करणार, तर म्हणाले गावाकडं बांधाला लावतो, केकताडाची पिलं हायती, जनावर शिरत न्हाई. पिलं. पुन्हा तोच शब्द.

आता बघा, वॉचमनकाकांना केकताडाची पिलं माहीत, आमच्या काकीला कारांदा माहीत, निशिगंधवाल्याला त्याची पिल्लं माहीत. पण तिघंही एकमेकांच्या पिलांना ओळखत नाहीत. काकीला सांगितलं की तुझा कारांदा आणि केकताडाचं पिलू एकाच जातीची गोष्ट आहे तर ती म्हणेल काय बोलतोस. गावच्या शब्दांचं हेच होतं, ते इतके त्या त्या झाडाच्या अंगाला चिकटलेले असतात की दुसऱ्या झाडावर उडी मारू शकत नाहीत. अळकुडी अळवाचीच, हळकुंड हळदीचंच. पिल्लू सगळ्यांना चालतं खरं, पण ते कुत्र्यालाही चालतं, परीक्षेत लिहिता येत नाही. ही उडी मारायला कंदिकेसारखा, कोणाच्याच घरचा नसलेला, कोरडा शब्द लागतो. आणि एकदा का ती उडी मारली की भलतीच नाती सापडतात. निशिगंध, आपली गुलछडी, हारात ओवतो ती. ही पण मेक्सिकोचीच आणि आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला घायपाताच्याच प्रजातीत घातलंय, अगाव्हे अमिका. नाजूक गुलछडी आणि दोराचं केकताड, सख्खी चुलत भावंडं! आणि वागणंही सारखं, निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो, मग संपतो, मागे बुडाशी पिल्लं ठेवून.

पण माझी सगळ्यात लाडकी कंदिका कारांद्याचीही नाही आणि घायपाताचीही. रुखाळूची. रुख म्हणजे झाड, झाडावरचं अळू. कोकणात पहिले पाऊस झाले की आंब्याफणसाच्या जुन्या खोडांवर, शेवाळात, हे अळू उगवतं, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, आणि श्रावणात त्याच्या वड्या होतात. लहानपणी मला कोडं पडायचं की तिथे वर अळू लावतं कोण. उत्तर कॉलेजात मिळालं. ह्याच्या बुडातून पावसाळ्यात पानांशिवायच्या उभ्या काड्या निघतात आणि त्या काड्यांवर बारक्या कंदिकांचे झुबके, आणि प्रत्येक कंदिकेला आकडे. वाकडे, सूक्ष्म, गोखरूसारखे. पक्ष्याच्या पिसाला, माकडाच्या केसाला, खारीच्या शेपटीला अडकायचं आणि दुसऱ्या झाडाच्या सालीत जाऊन पडायचं. शास्त्रीय नावात व्हिव्हिपारा शब्द आहे, म्हणजे पिल्लं घालणारी. लॅटिनवाल्यांनी इथे मात्र आमच्या वॉचमनकाकांसारखंच नाव ठेवलं.

मी हे सगळं भाचीला सांगत होतो आणि ती मान डोलावत होती पण डोळे घड्याळाकडे, हे मला दिसत होतं. तिला चार पर्यायांतला एक निवडायचा होता. ती म्हणाली, मामा, म्हणजे ही सगळी क्लोन ना? बरोबर विचारलं पोरीने. क्लोनच. कारांद्याच्या एका वेलावरचे शंभर कारांदे म्हणजे तोच वेल शंभर ठिकाणी. ह्याचा फायदा आहे तसा भयंकर तोटाही. अमेरिकेत फ्लोरिडात 1905 साली हा आपला कारांदा नेऊन लावला गेला, तिथे त्याला हवेतला बटाटा म्हणतात. त्याला तिथे ना कातकरी भेटले ना आमची काकी, खाणारं कोणी नाही, कीड नाही, तर त्याने जंगलंच्या जंगलं पांघरून टाकली. तिथे तो फारसा फुलत पण नाही, सगळा पसारा नुसत्या पडलेल्या कारांद्यांचा. लोक थंडीत गटागटाने जाऊन पोतीच्या पोती कारांदे वेचतात, खायला नव्हे, फेकायला. शेवटी 2011-12 पासून नेपाळ आणि चीनमधला एक लाल भुंगेरा सोडायला लागले, जो ह्या वेलाशिवाय दुसरं काही खात नाही. मला हे वाचून पोतंभर कारांदे फेकल्याचंच जास्त वाईट वाटलं होतं. तिथलेही कडू निघतात म्हणा.

पानफुटीचं राहिलं, पण ते सगळ्यांनी शाळेत वहीत ठेवून बघितलेलंच असतं.

जाताना भाचीने कोंब आलेले दोन्ही कारांदे मागून घेतले. नाशिकला त्यांच्या बाल्कनीत एक रिकामी कुंडी आहे म्हणाली. कोणती बाजू वर करायची असं तिने विचारलं आणि मला, बॉटनीच्या ग्रॅज्युएटला, खात्रीने सांगता येईना, तेव्हा काकीला फोन लावला. काकी म्हणाली, कोंब दिसतोय ना, मग विचारतोस काय, आणि असा वेळ न बघता फोन करू नकोस, मी दूध तापत ठेवलंय.

जूनच्या शेवटी फोटो आला. ग्रिलवर चढलेला वेल, बदामाची पानं, खाली तिने लिहिलेलं, "कंदिका देशपांडे, वय दोन महिने. शेजारच्या काकू विचारतायत मनी प्लँट कुठून आणला." मी तो काकीला पाठवला. तिचा व्हॉइस मेसेज लगेच आला, तिला म्हणावं ग्रिलवर चढवू नको हां, कपडे वाळत घालायला जागा उरायची नाही.